४००० ग्राफ्ट, पितृपक्ष आणि माझा मामेभाऊ : एका हेअर ट्रान्सप्लांटची पूर्ण केस

आमचं कराडजवळ मेडिकल आहे, गेली चौदा वर्षं मी काउंटरवर उभा असतो. पूर्वी पोरं केसांचं तेल मागायला यायची, आता मोबाईलवर गोळीच्या पाकिटाचा फोटो दाखवतात आणि हळूच विचारतात, दादा हे आहे का, घरी सांगू नका. त्यामुळे या विषयावर माझं बरंच ऐकून झालंय. पण इथे मी एकच केस लिहितोय, माझ्या मामेभावाची, कारण तिची सुरुवातीपासूनची सगळी कागदं, बिलं आणि भांडणं मला माहीत आहेत. त्याला विचारूनच लिहितोय, फक्त नाव नको म्हणाला.

तर २०२३ सालची गोष्ट. वय २७, डिप्लोमा मेकॅनिकल, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, पगार हातात २८ हजार, गावी तीन एकर बागायत. वजन ६२ किलो. बीपी नाही शुगर नाही, तंबाखू मळायची सवय आहे. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे सरकलेले आणि टाळूवर पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा विरळ गोल. डॉक्टर लोक टकलाच्या पायऱ्या मोजायला नॉरवूडची स्केल वापरतात, त्यात हा तिसऱ्या पायरीवर. मामा म्हणजे त्याचे वडील, ते सहाव्या पायरीवर, मागे कानापासून कानापर्यंत झालर राहिलीय बाकी रस्ता मोकळा.

अकरा ठिकाणी स्थळं बघून झाली होती. बायोडेटावरचा फोटो कॅप घातलेला, बघायला जाताना पण कॅप, आणि पोहे खाताना कुणीतरी म्हणणार, अहो टोपी काढून बसा की आरामात. ते वाक्य ऐकलं की याचा पोह्यावरचा जीवच उडायचा. आजोबांच्या पिढीत पांढरी टोपी डोक्यावर असायची ती झोपतानाच निघायची, टक्कल आहे का नाही हे फक्त आजीला माहीत. टोपी गेली आणि हा प्रश्न उघडा पडला, असं माझं आपलं मत.

गणपतीच्या सुट्टीत घरी आला तेव्हा म्हणाला, दादा मी ट्रान्सप्लांट बुक केलंय, ६ ऑक्टोबरला, ५ हजार टोकन भरलंय. पुण्यातल्या एका सेंटरमध्ये. ४००० ग्राफ्ट, एकाच दिवसात, ६५ हजारात, वर तीन पीआरपी फ्री, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला एक भाग वेगळा करून डोक्यात टोचायचा, आणि बिनव्याजी हप्ते. मी पहिल्यांदा जे कुणीही म्हणेल तेच म्हणालो, अरे टक्कल म्हणजे काय रोग आहे का, कशाला पैसे घालवतोस. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "तुझ्या डोक्यावर आहेत म्हणून तू बोलतोस." गप्प बसलो मग. खरं होतं ते. ज्याचं दुखतं त्याला आपण किती सहज किरकोळ म्हणतो.

मामींचाही विरोध होता पण वेगळ्याच मुद्द्यावर, पितृपक्षात केसाला हात लावायचा नाही. सेंटरने तेवढ्याच दिवसात ऑफर का ठेवली हे पण त्यातूनच कळलं, त्या पंधरवड्यात गिऱ्हाईकच कमी असणार.

आता या गोष्टीची ओढ का वाटते ते आधी प्रामाणिकपणे लिहितो, कारण नुसतं भीती घालणारे लेख वाचून कुणी थांबत नाही. ट्रान्सप्लांट हे फसवं काम नाही, त्यामागे पक्कं शास्त्र आहे. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक या डॉक्टरने १९५२ मध्ये डोक्याच्या मागचे केस पुढे लावून बघितले आणि लक्षात आलं की केस जिथून आणलेत तिथला स्वभाव घेऊन येतात. मागच्या आणि कानाजवळच्या केसांना टक्कल पाडणारं हार्मोन फारसं त्रास देत नाही, म्हणून तेच केस पुढे लावले तर पुढेही टिकतात. १९५९ मध्ये त्याने ते छापलं आणि आजचा सगळा धंदा त्या एका निरीक्षणावर उभा आहे. चांगल्या हातून झालेलं काम शेजारी बसलेल्याला ओळखू येत नाही. भूल फक्त जागेपुरती, त्याच दिवशी घरी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरेच जण लॅपटॉप उघडतात. माझ्याकडे येणारा एक शिक्षक आहे, त्याचं बघितलं तर मला स्वतःला दहा मिनिटं कळलं नव्हतं. म्हणजे मोह होणं साहजिक आहे, त्यात मूर्खपणा काही नाही.

पण पोराच्या ४००० मध्ये गडबड होती, आणि ती गडबड कुणाच्या वाईट हेतूची नंतर, आधी साध्या हिशोबाची.

रात्री ओट्यावर बसून आम्ही तो हिशोब मांडला. ग्राफ्ट म्हणजे एक केस नव्हे, मुळासकट काढलेला छोटा पुंजका, त्यात एक ते चार केस, सरासरी दोन धरा. धडधाकट डोक्यावर एका चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण ७० ते ९० पुंजके असतात. त्यातले निम्मे गेले तरी लोकांच्या डोळ्यांना पटकन कळत नाही, म्हणून लावताना ३५-४० लावले तरी भरल्यासारखं दिसतं. आता मामांसारखं पूर्ण टक्कल धरलं तर जागा होते साधारण २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ३५ ने सुद्धा ७००० पुंजके लागले. आणि मागच्या झालरीतून आयुष्यभरात बिनधोक निघतात ते ढोबळमानाने पाच-सहा हजार, कित्येकांचे त्याहून कमी. एकदा काढलेला पुंजका तिथे परत उगवत नाही, विहीर आहे ही, तिला झरा नाही. जास्त उपसलं तर मागचं डोकं कसर लागलेल्या लोकरीच्या टोपीसारखं दिसायला लागतं.

आता याच्या डोक्यावर हे लावून बघा. २७ व्या वर्षी ४००० पुंजके नुसत्या पुढच्या भागात लावले, मस्त दाट, कपाळावरची केसांची लाइन विशीतल्यासारखी. पण ट्रान्सप्लांटने टक्कल थांबत नाही ना, मागचे मूळचे केस जायचे ते जातच राहणार. चाळिशीत काय उरेल? पुढे लावलेल्या केसांची दाट पट्टी, तिच्या मागे मोकळं मैदान, आणि ते मैदान भरायला मागे शिल्लक काही नाही. नुसत्या टकलापेक्षा ते वाईट दिसतं, आणि टक्कल निदान खरं तरी असतं. तो ऐकत होता पण मानत नव्हता, म्हणाला माझं बाबांसारखं जाणार नाही, टक्कल आईकडून येतं, आणि माझ्या मामाचे, आईच्या भावाचे, केस बघ की. हे सगळीकडे ऐकायला मिळतं. अर्धवट खरं आहे ते. एक महत्त्वाचा जीन एक्स क्रोमोझोमवर असतो आणि मुलाला तो आईकडूनच मिळतो, पण टक्कल बऱ्याच जीन्सचं मिळून होतं आणि बापाकडचा वाटाही तेवढाच मोजावा लागतो. चाकणच्या बोअरचं खारं पाणी आणि हेल्मेट यांना पण त्याने बराच दोष दिला, ते मी सोडून दिलं.

मग मी सेंटरचे कागद मागितले. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं कोटेशन होतं आणि चार पानी इंग्रजी संमतीपत्र, ज्यावर याने न वाचता सही केली होती. तोंडी १०० टक्के गॅरंटी दिली होती, आणि कागदावर तिसऱ्या पानावर लिहिलेलं की निकालाची कोणतीही हमी नाही. तपासायला कोण होतं विचारलं तर म्हणे ब्लेझर घातलेली काउन्सेलर मॅडम, टॅबवर फोटो काढला आणि केस आल्यावर कसा दिसशील ते दाखवलं. डॉक्टर? ते ऑपरेशनच्या दिवशी भेटणार. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, तंबाखू खातोस का, यातलं एकही विचारलं नव्हतं. फ्लेक्सवर हेअर एक्स्पर्ट लिहिलेलं, पुढे डिग्रीच नाही. रजिस्ट्रेशन नंबर मागितला की मेसेजला दोन निळ्या टिका येऊन गप्प.

इथे थोडं थांबतो कारण माझ्या मते सगळ्यात मोठी जोखीम हीच आहे, मशीन कुठलं आणि टेक्निकचं इंग्रजी नाव काय यात नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात सरळ म्हटलंय की वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघून शिकणं हे हेअर ट्रान्सप्लांट करायला पुरेसं प्रशिक्षण नाही. प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोगाचं पदव्युत्तर शिक्षण आणि त्यात या कामाचं ट्रेनिंग असलेल्याने हे करावं, अशी ती भूमिका आहे. सरकारी यंत्रणेला कागदावर यूट्यूबचं नाव घ्यावं लागलं यावरून समजा बाजारात काय चाललं असेल. बऱ्याच ठिकाणी डॉक्टर सकाळी लाइन आखून, सुया टोचून जातो आणि पुढचे सात-आठ तास पंच म्हणजे बारीक गोल पातं मारणं, पुंजके काढणं, लावणं सगळं टेक्निशियन पोरं करतात. त्यातली काही हाताने खरंच तरबेज असतात, नाही म्हणत नाही. पण पेशंट बिघडला तर ती पोरं काय करणार?

आणि बिघडू शकतो. मला भुलेचं कळतं म्हणून तेवढंच सांगतो. यात लिग्नोकेन वापरतात, सोबत अ‍ॅड्रेनालिन असेल तर किलोला ७ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरतात. ६२ किलोला होतात ४३४ मिलिग्रॅम. दोन टक्क्याच्या बाटलीत एका मिलीला २० मिलिग्रॅम असतं, म्हणजे साधारण २१-२२ मिली झालं की संपली मर्यादा, आणि दुकानात मिळणारी व्हायल ३० मिलीची असते. बरेच जण पातळ करून देतात ते ठीक, पण दिवसभराच्या कामात भूल उतरते, पोरगा म्हणतो दुखतंय, परत टोचतात, संध्याकाळी अजून एकदा, आणि एकूण किती गेलं हे कुणी लिहून ठेवत नसेल तर? ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, कानात गुणगुण, आणि पुढे फिट किंवा हृदयाचे ठोके बिघडणं, असं ते चढत जातं. वेगळ्या बाजूला औषधाची रिअ‍ॅक्शन, ती तर एका डोसाला पण येऊ शकते. २०१९ मध्ये मुंबईत एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाचा ट्रान्सप्लांटनंतर दोनेक दिवसांत मृत्यू झाला होता, एकाच बैठकीत नऊ हजारांच्या वर ग्राफ्ट लावल्याच्या बातम्या तेव्हा पेपरात होत्या आणि तीव्र अ‍ॅलर्जीचा संशय होता. असं क्वचितच होतं. पण क्वचित होणाऱ्या गोष्टीसाठीच तर खोलीत ऑक्सिजन, अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन आणि ते कधी द्यायचं हे कळणारा माणूस लागतो. मी पोराला म्हणालो, फोन करून एवढंच विचार की इमर्जन्सी ट्रॉली आहे का. समोरून उत्तर आलं, सर आपल्याकडे पूर्ण एसी आहे.

त्यावर आम्ही दोघं इतकं हसलो की मामी बाहेर आल्या.

तरी त्याचं मन वळलं ते या कशानेच नाही, तारखेने वळलं. त्याला तुळशीच्या लग्नानंतरच्या सीझनमध्ये केस हवे होते. ६ ऑक्टोबरला ऑपरेशन, २४ नोव्हेंबरला तुळशीचं लग्न, मध्ये सात आठवडे. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यात बहुतेक गळून जातात, मूळ आत राहतं आणि वरचा केस जातो, आजूबाजूच्या मूळच्या केसांना पण धक्का बसून काही गळतात. तिसरा-चौथा महिना लागल्यावर नवीन फुटायला लागतात, बारीक, कुरळे, आणि खरं रूप दिसायला वर्ष जातं. म्हणजे बरोबर स्थळं बघायच्या दिवसात हा आहे त्यापेक्षा विरळ आणि वर डोकं लालसर घेऊन पोहे खायला बसणार होता. सेंटरने हे सांगितलं नव्हतं, त्यांच्या टॅबवर मधले महिने नव्हतेच. हे ऐकल्यावर तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, कॅन्सल करतो. टोकन परत मिळालं नाही. त्याऐवजी एक पीआरपी फ्री देतो म्हणाले, ते याने घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यात साताऱ्याला एका स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेलो, एमडी, फी ६०० रुपये. मी बाहेर बसणार होतो पण त्यानेच आत बोलावलं. त्यांनी डोक्यावर भिंगाचा कॅमेरा लावून पुढचे, टाळूवरचे आणि मुद्दाम मागचे केस पण बघितले, मागचेच बारीक व्हायला लागले असतील तर लावून उपयोग काय. मग विचारलं, गेल्या चार-सहा महिन्यात मोठा आजार? तेव्हा हा म्हणाला जुलैमध्ये डेंग्यू झालेला, प्लेटलेट खाली गेल्या होत्या, पाच दिवस ॲडमिट. मी कपाळावर हात मारला, ती औषधं माझ्याच दुकानातून गेली होती आणि मला सुचलं नव्हतं. जोराच्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने जातात आणि नंतर बहुतेक आपोआप येतात. म्हणजे सप्टेंबरमध्ये उशीवर जे केस बघून याने घाबरून टोकन भरलं त्यातला बराचसा भाग डेंग्यूचा होता. त्याच्या खाली खरं टक्कल होतंच, पण दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या होत्या आणि कॅप घालणाऱ्या माणसाला त्या वेगळ्या दिसत नाहीत.

मॅडमनी अजून एक विचारलं ते मला आवडलं, की दिवसातून किती वेळ केसांचा विचार करतोस, आरशात किती वेळा बघतोस, कामावर खाडा पडतो का. आपल्याला वाटतं चौकशी चाललीय, पण काही लोकांना रूपातल्या छोट्या दोषाचा ध्यास लागतो, तो मनाचा आजार असतो आणि तिथे सर्जरीने समाधान होत नाही, एक झालं की दुसरं दिसायला लागतं. याचं तसं नव्हतं. कंपनीत नीट जात होता, क्रिकेट खेळत होता, फक्त पोह्यांच्या दिवशी अडायचं.

त्यांचा सल्ला असा की एक वर्ष औषध, मग बघू. पाच टक्के मिनॉक्सिडिल लावायला आणि फिनास्टेराइड एक मिलिग्रॅमची गोळी. गोळीबद्दल त्यांनी स्पष्ट सांगितलं, मी पण सांगतो कारण दुकानातून ती चिठ्ठीशिवाय मागणारे रोज येतात. मूळ चाचण्यांमध्ये गोळी घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के पुरुषांना काही ना काही लैंगिक तक्रार आली होती, आणि तुलनेसाठी औषध नसलेली नुसती तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांमध्ये २.१ टक्के. म्हणजे प्रमाण कमी आहे पण शून्य नाही. मूड उतरण्याच्या तक्रारी पण आहेत, मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. आणि गोळी चालू असताना रक्तदान नाही, बंद करून महिना गेल्यावर. शिवजयंतीच्या शिबिरात हा दरवर्षी पहिला, त्या वर्षी लांब उभा राहिला तर पोरांनी विचारून हैराण केलं, शेवटी कावीळ झालेली असं सांगून सुटला.

औषधाचं वर्ष काही सुखात गेलं नाही. मिनॉक्सिडिल लावल्यावर पहिल्या महिन्या-दीड महिन्यात उलट केस जास्त गळतात, मॅडमनी सांगितलं होतं तरी रात्री साडेअकराला फोन करून माझ्यावर ओरडला. गोळी चार महिने घेतली, मग म्हणाला इच्छा कमी झाल्यासारखं वाटतंय. गोळीमुळे की वाचून वाचून, सांगता येत नाही. मॅडम म्हणाल्या बंद कर, तुझं लग्न व्हायचंय, डोक्यात किडा ठेवून घेऊ नकोस. ती बंद केल्यावर दोन महिन्यात तो ठीक. मिनॉक्सिडिल चालू ठेवलं. डेंग्यूचे गेलेले परत आले, टाळूवरचा गोल थोडा भरला, कपाळाचे कोपरे मात्र होते तसेच.

मे २०२४ मध्ये आजी गेली. दहाव्याला कराडला प्रीतिसंगमावर, कृष्णा-कोयनेच्या काठी, न्हाव्याने आधी मामांचं डोकं केलं आणि मग याचं. दोघं शेजारी शेजारी दगडावर बसलेले, ऊन वरून, आणि मी मागे पाण्याची कळशी घेऊन उभा. भादरल्यावर डोक्यावर केसांच्या खुंटांची सावली राहते ना, जिथे केस दाट तिथे निळसर आणि जिथे गेलेत तिथे चकचकीत. मामांच्या डोक्यावर ती सावली फक्त झालरीपुरती. आणि याच्या डोक्यावर बरोबर त्याच आकाराची फिकट रेघ उमटलेली, आत विरळ, बाहेर दाट, मामांचा नकाशा ट्रेसिंग पेपरवर काढल्यासारखा. मी काही बोललो नाही, जागा ती नव्हती. संध्याकाळी त्यानेच मोबाईलमध्ये पुतण्याने काढलेला फोटो झूम करून दाखवला आणि म्हणाला, दादा, हे सगळं जाणार माझं.

त्या दिवसानंतर त्याची भाषा बदलली. किती ग्राफ्ट बसतील असं विचारायचा ते किती शिल्लक ठेवायचे असं विचारायला लागला.

मध्येच मी एक उद्योग केला, जो आधी करायला हवा होता. स्थळं आणणाऱ्या काकांना विचारलं, खरं सांगा, नकार केसांमुळे येतोय का. ते म्हणाले, "केसाचं कुणी काढत नाही हो, पहिलं विचारतात पुण्यात फ्लॅट आहे का, मग नोकरी कायम आहे का." अकरापैकी दोन ठिकाणी मुलीने केसांचं बोलून दाखवलं होतं, बाकी नऊ ठिकाणी कंत्राटी नोकरी नडली होती. हे मी त्याला सांगितलं. वाटलं आता विषय संपेल. तो म्हणाला मला माहितेय, पण फ्लॅट ६५ हजारात येत नाही. आणि लग्न ठरलं तरी मला हे करायचंय, आता मी स्वतःसाठी म्हणतोय. याच्यावर मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यातच एका प्लास्टिक सर्जनकडे गेलो. या वेळी रजिस्ट्रेशन नंबर पाटीवरच होता, मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकून बघितला, नाव आणि डिग्री जुळली. पहिल्याच भेटीत डॉक्टर स्वतः, मामांचा फोटो बघितला आणि म्हणाले १७०० ग्राफ्ट, फक्त पुढे, टाळूला हात लावणार नाही. लाइन कुठे घ्यायची यावर पोराचा आणि त्यांचा अर्धा तास वाद. हा म्हणे एक बोट खाली घ्या, ते म्हणे ४५ व्या वर्षी पण शोभेल अशीच घेणार, नाहीतर दुसरीकडे जा. अशा ठिकाणी दुसरीकडे जा म्हणणारा डॉक्टर भेटला की मला बरं वाटतं. तंबाखू आधी महिनाभर आणि नंतर पंधरा दिवस बंद, कारण निकोटिनने रक्तपुरवठा आकसतो आणि लावलेली मुळं उपाशी राहतात. रक्ताच्या तपासण्या, कावीळ आणि एचआयव्हीसकट, ईसीजी, भुलेची छोटी टेस्ट.

खर्च १ लाख १० हजार आणि जीएसटी वेगळा. आरोग्यसेवेला असलेली करमाफी हेअर ट्रान्सप्लांट आणि कॉस्मेटिक सर्जरीला नाही, अपघात किंवा जन्मजात दोष दुरुस्त करायचा असेल तरच मिळते. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये पण काही नाही, पॉलिसीच्या न मिळणाऱ्या यादीत कॉस्मेटिक सर्जरी ठरलेलीच असते. पैसे त्याने भिशीतून उचलले, हप्त्यावर नाही.

संक्रांत झाल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये झालं. सकाळी साडेआठ ते चार, मध्ये वरणभात. मी बाहेर बसून होतो. भुलेच्या सुया सोडल्या तर दुखलं नाही म्हणाला, पण त्या सुयांना आई आठवली. तिसऱ्या दिवशी कपाळ सुजून डोळ्यांपर्यंत उतरलं, मामी रडायलाच लागल्या, हे होणार म्हणून सांगितलं होतं तरी. चार-पाच रात्री उशा लावून बसल्यासारखं झोपायचं. दहाव्या दिवशी खपल्या गेल्या, पाचव्या आठवड्यात लावलेले केस गळाले, आणि मे महिन्यापर्यंत आरशासमोर रोज शिव्या. डोक्याच्या वरच्या भागात बधिरपणा तीन महिने होता, बोट लावलं तर दुसऱ्याच्या डोक्याला लावल्यासारखं. जूनपासून केस दिसायला लागले. मागे आता मशीनचा शून्य नंबर मारता येत नाही, मारला की पंचाचे पांढरे ठिपके दिसतात, आमच्या न्हाव्याने ते पहिल्याच दिवशी ओळखलं आणि अर्ध्या गावाला सांगितलं.

आता दहा महिने होऊन गेलेत. दाट नाहीये, विंचरल्यावर चांगलं दिसतं, ओले झाले की टाळू दिसते. डावीकडचा कोपरा उजवीपेक्षा थोडा कमी आलाय, डॉक्टर म्हणतात अजून दोन महिने बघू. मिनॉक्सिडिल चालू आहे आणि चालूच राहणार, मागे तीनेक हजार पुंजके शिल्लक आहेत असं धरून तो बसलाय. कॅप बंद झाली. लग्न ठरलंय, फेब्रुवारीत. मुलीला सांगायचं की नाही यावर आमच्याकडे दोन तट होते, मामी म्हणत होत्या कशाला, मी म्हणत होतो सांग. याने ठरवून तिसऱ्या भेटीत विषय काढला तर ती म्हणाली माहीत आहे, माझ्या भावाने पण चौकशी केलेली, मागचे ठिपके बघितले मी.

परवा मामा दुकानात आले, पोराची बाटली न्यायला. पैसे दिले, पिशवी घेतली, गेले नाहीत. दोन गिऱ्हाईकं होऊ दिली आणि मग टोपी काढून काउंटरवर ठेवली. म्हणाले, "काय रे, लग्नात फोटो निघणार, ५८ व्या वर्षी बसतंय का हे?"

तसं बघितलं तर वयाने त्यांचं टक्कल स्थिर झालंय, उलट हिशोब करायला सोपं डोकं. मी म्हणालो, मामा, आधी सकाळची उपाशीपोटीची शुगर किती आली ते सांगा. त्यांनी टोपी परत घातली.